डोक्यावर जागा

आमच्या घरात एखादी वस्तू विकत घ्यायची म्हणजे लग्न जमवण्याइतका वेळ लागतो. मिक्सर बिघडला तेव्हा नवऱ्याने इतके व्हिडिओ पाहिले, इतक्या लोकांची मतं वाचली, की शेवटी शेजारणीच्या मिक्सरवर दिवस काढून मीच कंटाळले आणि जुना दुरुस्त करून आणला. म्हणून गाडीत कॅमेरा बसवायचं ठरलं तेव्हा मी आधीच बजावून ठेवलं, "स्वस्तातला घ्यायचा, आणि या रविवारी घ्यायचा."

कॅमेरा हवा होता माझ्या कामासाठी. मी नर्स आहे, पण दवाखान्यात बसणारी नाही. ज्यांना अंथरुणातून उठवत नाही, जिना उतरवत नाही, अशांच्या घरी जाऊन मी जखमा धुते, पट्ट्या बदलते, इंजेक्शनं देते. दिवसभर आमच्या जुन्या गाडीतून या घरून त्या घरी. मला पाठवणाऱ्या संस्थेचा नियम एकच आणि कडक आहे. रस्त्यावर नर्सची चूक ठरली, की तिचं घरोघरचं काम बंद. माझ्या एका मैत्रिणीला टेम्पोने मागून ठोकलं आणि वर तिच्याच नावाने बोंब मारली. साक्षीला कोणी नव्हतं. ती आता संस्थेच्या गोदामात कापसाचे गठ्ठे लावते. तेव्हापासून मी धसकाच घेतला होता.

नवऱ्याचं म्हणणं, घ्यायचा तर चांगला घ्यावा. पुढे एक, मागे एक, अंधारातही लख्ख दिसणारा. आमच्या गाडीचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. मी म्हटलं, "नाकापेक्षा मोती जड नको. समोरच्या गाडीचा नंबर वाचता यावा, उन्हात तापून बंद पडू नये आणि कार्ड भरलं की जुनं आपोआप पुसलं जावं. एवढं जमलं तरी खूप झालं."

हे सगळं माझे सासरे पेपराआडून ऐकत होते. "कॅमेरा घेताय," ते म्हणाले, "तर मीही येतो."

बाबांचा फोटो स्टुडिओ होता. गल्लीतले लोक अजून त्यांना फोटोकाका म्हणतात. मी या घरात यायच्या थोडं आधी तो बंद झाला, मोबाइलने गिळला म्हणा. कॅमेरे, दिवे, पडदे सगळं विकलं गेलं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. टीव्हीवर बातम्या लागल्या की बातमी राहते बाजूला आणि हे म्हणतात, "बघ, याचं डोकं कापलंय." त्यांचा आयुष्यभराचा नियम होता, की फोटोत माणसाच्या डोक्यावर जागा सोडावी. जागा नसली की माणूस गुदमरतो, असं त्यांचं मत आहे.

आमच्या हॉलच्या एका भिंतीवर त्यांनी काढलेले घरच्यांचे फोटो आहेत. तरुणपणच्या सासूबाई, ज्या आता फक्त तिथेच आहेत. शाळेच्या गणवेशातला माझा नवरा. नणंद, नणंदेचा नवरा, इतकंच काय, नणंदेचं मांजरसुद्धा. माझा नाही. मी आले तोवर बाबांच्या हातात कॅमेरा उरला नव्हता आणि मोबाइलवर काढलेल्याला ते फोटो म्हणतच नाहीत. मी कधी काही बोलले नाही. पण केर काढताना त्या मांजराकडे नजर गेली की थोडं वाईट वाटायचं.

रविवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. दुकानदाराने सारख्याच किमतीचे दोन कॅमेरे काउंटरवर ठेवले. एक साबणाच्या वडीसारखा, काचेला कायमचा चिकटणारा, लांबरुंद रस्ता टिपणारा. "हा लावला की विषय संपला, ताई. हलत नाही, डुलत नाही." दुसरा लहान, मागे इवलासा पडदा, रबरी वाटीने काचेला धरणारा, आणि त्याची मान गोल फिरणारी.

मी पहिल्याकडे हात नेला. बाबांनी दुसरा उचलला. त्याची मान इकडे वळवली, तिकडे वळवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि पडदा नाकाशी धरून दुकानदाराला त्यात बसवलं. "यात साधा फोटोही निघतो, काका. हे बटण," दुकानदार म्हणाला.

"याला मान आहे," बाबा माझ्याकडे वळून म्हणाले.

"बाबा, मान हलली की चित्र हलेल. मला रस्ता हवाय, फोटो नको."

"ज्या कॅमेऱ्याला मान नाही तो कॅमेरा नाही. ते भोक आहे."

मी काहीतरी तिखट बोलणार होते. तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. बाबांचे हात थरथरतात. चहा बशीत सांडतो, शर्टाची बटणं मलाच लावून द्यावी लागतात. पण तो कॅमेरा धरलेले हात स्थिर होते. मी दुकानदाराला म्हटलं, "हाच द्या." नवरा मोबाइलवर वाचतच होता. "अगं, याच्याबद्दल लोकांनी लिहिलंय की," त्याने सुरू केलं, पण तोवर दुकानदाराने खोक्याला चिकटपट्टीही लावली होती.

खरा छळ पुढे सुरू झाला. मी कॅमेरा सरळ रस्त्याकडे लावून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तो आकाशाकडे तोंड करून बसलेला असायचा. आधी मला वाटलं रबरी वाटी ढिली पडते. नवऱ्याच्या सांगण्यावरून ती गरम पाण्याने धुतली. मग एका सकाळी बाल्कनीतून पाहिलं, तर बाबा खाली गाडीत. दार उघडं, एक डोळा मिटलेला, आणि कॅमेऱ्याची मान वर चाललेली.

मी खाली गेले. "बाबा, हे काय चाललंय?"

"अर्धं चित्र डांबराने भरलंय. वर जागाच नाही. झाडं बघ, सगळी माथ्याशी कापली जातात."

"उद्या झाडाने येऊन मला ठोकलं तर झाडं लागतील. तोवर रस्ता दिसू दे."

"तीन हिश्शांत एक हिस्सा रस्ता पुरे होतो," ते म्हणाले आणि आतून काच पुसायला लागले.

हो म्हणायचे आणि परत तेच. पालथ्या घड्यावर पाणी. मी आठवण झाली की मान खाली करायची, ते सकाळी उतरून वर करायचे. पण खरं सांगायचं तर ते रोज गाडीची काच आतून-बाहेरून लख्ख पुसत, चाकांतली हवा पायाने दाबून बघत, आणि वर येऊन "झालं, जा आता" म्हणत. स्टुडिओ गेल्यापासून त्यांना सकाळी उठून जायला ठिकाणच नव्हतं. मग मीही फार ताणलं नाही.

तो दिवस मला नीट आठवतो, फक्त हवं तेवढंच नेमकं आठवत नाही. मी गणिताच्या बाईंकडून निघाले होते. या निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. त्यांच्या टाचेची जखम कित्येक महिने भरत नव्हती. त्या दिवशी पट्टी सोडली तर कडेने गुलाबी, नवी कातडी. मी आरसा धरून त्यांना दाखवली. बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता उत्तर जुळायला लागलं." मी इतकी खुशीत होते की गाडीत गुणगुणत होते.

पेट्रोल पंपाजवळचा मोठा चौक मी रोज ओलांडते. चौकात शिरले आणि बाजूने एकदम स्कूटर आली. मी ब्रेक दाबला, तरी धडकलोच. वेग कमी होता, पण स्कूटरवाला पडला आणि त्याचा जेवणाचा डबा रस्त्यावर घरंगळत गेला.

मी पिशवी घेऊन धावले. माणूस माझ्या नवऱ्याच्या वयाचा. मनगटाच्या वर हात सुजायला लागला होता, मोडला होता हे हात लावताच कळलं. गाडीत मासिक होतं, त्याची सुरळी करून हाताला आधार दिला, पट्टी बांधली, पाणी पाजलं. "थँक्यू, ताई," तो म्हणाला. मग गर्दी जमली, वाहतूक शाखेच्या अधिकारी बाई आल्या, आणि त्यांनी विचारल्यावर तो तितक्याच शांतपणे म्हणाला, "ताई चांगल्या आहेत. पण त्यांना सिग्नल लाल होता."

तो भांडला असता तर मीही भांडले असते. तो भांडला नाही आणि मी सिग्नलकडे वळून बघत राहिले. कारण मला आठवेना. सिग्नल मी पाहिला होता का? रोजचा रस्ता, हातपाय आपोआप चालतात, आणि डोळ्यांसमोर होती गुलाबी टाच. किती आठवलं तरी त्या जागी काहीच येईना.

मग कॅमेरा आठवला. धावत जाऊन मागचं चित्र लावलं. उन्हात डोळे ताणून पाहिलं, तर आकाश. फांद्या, तारा, एक पक्षी. खाली रस्ता म्हणून एक काळी रिबीन. सकाळी मान खाली करायला मी विसरले होते. मी रागाने ते बंदच केलं. अधिकारी बाईंनी कार्ड काढून पाकिटात घातलं आणि पुढच्या आठवड्यात कचेरीत यायला सांगितलं. निकाल लागेपर्यंत संस्थेने मला घरी बसवलं.

घरी आल्यावर मी बाबांना बोलले. जे बोलले ते असं होतं. "तुमच्या आकाशापायी माझं काम जाणार आहे, बाबा. आणि एका माणसाचा हात मी मोडला की नाही, हे मला जन्मात कळणार नाही." त्यांच्या हातात कप होता. तो त्यांनी खाली ठेवला आणि ते आत गेले.

नवरा माझी बाजू घ्यायला लागला. "चोराच्या उलट्या बोंबा. खोटं बोलतोय तो माणूस."

"तो खोटं बोलत नाहीये. त्याला तसंच वाटतंय," मी म्हटलं. "मला मात्र काहीच वाटत नाहीये. मग खरं कुणाचं धरायचं?"

पुढचे दिवस वाईट गेले. बाबा सकाळी खाली उतरेनात. गाडीच्या काचेवर धूळ साचली. टीव्हीवर एकामागून एक डोकी कापली जात होती आणि ते गप्प बसून बघत होते. मला त्यांची दया यायची आणि दयेच्या मागोमाग राग यायचा. गणिताच्या बाईंचा फोन आला, की नवी नर्स पट्टी फार आवळते. मी त्यांना म्हटलं, "येईन लवकर." खोटंच.

कचेरीत जायच्या दिवशी नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. मी निघाले, तर दारात बाबा. इस्त्रीचा शर्ट, बूट चकचकीत, बटणं मात्र एक घर खाली लागलेली.

"मी येतो. कॅमेरा मी वर केला होता, हे त्यांना सांगायला हवं. तू मुद्दाम फिरवलास असं कुणाला वाटायला नको."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी त्यांच्या शर्टाची बटणं सोडून परत लावली.

कचेरीतली खोली लहान होती. लोखंडी कपाटं, एक टेबल, त्यावर आमच्याकडे वळवलेला संगणक. स्कूटरवाला बायकोबरोबर आधीच येऊन बसला होता. हात प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या झोळीची गाठ नेमकी मानेच्या हाडावर. मला ते बघवेना. "गाठ जरा बाजूला घेऊ का? तिथे टोचेल," मी विचारलं. तो म्हणाला, "घ्या ना. टोचतेच आहे." मी गाठ सोडून खांद्याच्या पुढे बांधली. त्याची बायको माझ्याकडे बघावं की नाही अशी बघत होती.

बाबा उभे राहिले. "मॅडम, आधी माझं ऐका. या चित्रात रस्ता नाही. त्याला मी जबाबदार आहे, माझी सून नाही. मी फोटोग्राफर आहे."

"बसा, आजोबा. आधी बघू तर द्या," अधिकारी बाई म्हणाल्या आणि त्यांनी व्हिडिओ लावला.

आकाश आलं. झाडांचे शेंडे मागे सरकायला लागले. त्यावर माझा आवाज, बेसूर गुणगुणणारा, सगळ्या खोलीला ऐकू येईल असा. बाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "हा अपघाताचा व्हिडिओ आहे की सहलीचा?" बाबांनी मान खाली घातली. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

मग फांद्यांमधून सिग्नलचा आडवा खांब दिसायला लागला. आधी लहान, मग मोठा होत वर वर सरकणारा. त्यावर दिवा. हिरवा. आकाशाच्या बरोबर मध्ये आला तेव्हा हिरवा, वरच्या कडेला टेकला तेव्हा हिरवा, आणि गाडी खांबाखाली शिरताना चित्राबाहेर गेला तेव्हाही हिरवाच. मग ब्रेकचा आवाज, धक्का, आणि माझं "अरे देवा".

बाईंनी ते मागे नेऊन परत लावलं. तिसऱ्यांदा मध्येच थांबवलं. पडद्यावर निळं आकाश आणि त्यात तो एकटा हिरवा दिवा.

"लोक आणतात त्या व्हिडिओंत रस्ता असतो, गाड्या असतात, सगळं असतं," त्या म्हणाल्या. "गाडी जवळ आली की दिवा तेवढा वर कापला जातो. आणि दिसलाच तर नुसता पांढरा ठिपका. रंग कळत नाही."

"आकाश घेतलं की कॅमेरा डोळे बारीक करतो," बाबा हळूच म्हणाले. "मग दिव्याचा रंग टिकतो."

"म्हणून तुम्ही तो वर केला होता?"

हो म्हणाले असते तर कुणाला कळलं असतं? बाबांनी विचार केला आणि म्हणाले, "नाही हो. मी झाडांसाठी केला होता."

स्कूटरवाला पडद्याकडे बघत राहिला होता. "माझ्या शेजारच्या, डावीकडे वळणाऱ्या गाड्या निघाल्या," तो म्हणाला. "त्यांचा हिरवा बाण लागला असणार. मला वाटलं आमचाही सिग्नल सुटला." मग माझ्याकडे वळून, "चूक माझी होती, ताई. मी मुद्दाम नव्हतो बोललो."

"माहीत आहे मला," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. काम वाचलं हे फार नंतर लक्षात आलं. आधी कळलं ते इतकंच, की त्या माणसाचा हात मी मोडलेला नव्हता. त्याच्या बायकोने पर्समधून रुमाल काढून माझ्या हातात दिला. बाबा त्याला विचारत होते, प्लास्टर कधी निघणार, जेवताना कोण भरवतं.

बाहेर येऊन आम्ही गाडीत बसलो. कॅमेरा मान टाकून लटकत होता. अधिकारी बाईंनी परत दिलेलं कार्ड मी त्यात घातलं. "बाबा, लावा नीट."

"तूच लाव. रस्ताही हवा ना."

"मी त्या दिवशी बोलले ते," मी सुरुवात केली.

"बरोबर बोललीस. रस्ता नव्हताच त्यात."

"बाबा, तुम्ही नसता तर मी आयुष्यभर त्या चौकात अडकून पडले असते. उपकार झाले तुमचे. आता लावा, डोक्यावर जागा सोडून."

त्यांनी हात पुढे केला. कॅमेऱ्याची मान धरली, पण काचेकडे वळवायची सोडून उलटी फिरवली, माझ्याकडे. चष्मा कपाळावर गेला. एक डोळा मिटला.

"हनुवटी जरा खाली. इतकी नको."

"आत्ता? बाबा, अवतार बघा माझा. नाक लाल झालंय."

"बघतोच आहे. हलू नकोस." हात अजिबात थरथरत नव्हता. त्यांनी बटण दाबलं.

मी परत कामाला लागले. गणिताच्या बाईंची टाच पूर्ण भरली आणि त्या आता मला दारापर्यंत सोडायला येतात. बाबा सकाळी खाली उतरतात, काच पुसतात, कॅमेरा लावतात. रस्ता थोडा जास्त घेतात, एवढाच बदल. मी मान खाली करत नाही.

तो फोटो त्यांनी छापून आणला आणि हॉलच्या भिंतीवर, मांजराच्या शेजारी लावला. कॅमेरा लांबचं बघणारा, त्यामुळे मी पुसट आले आहे. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, आणि वर गाडीचं छत, त्यावरच्या जुन्या डागासकट, भरपूर. रोज निघताना मी त्याच्याकडे एकदा बघून घेते, आणि मला बरं वाटतं. येणारे-जाणारे विचारतात, फोटोकाका, इतके सुंदर फोटो काढलेत तुम्ही, हा असा कसा लावला?

"कॅमेरा स्वस्तातला होता," बाबा सांगतात. "पण आमच्या सूनबाईचं डोकं कुठे कापलेलं नाही."